धावून जाणं

२०१८च्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जुन्या नाशकात, कोकणीपुऱ्यातल्या आमच्या घरी जेवणं उरकली होती आणि मी एका कवितेची शेवटची ओळ जुळवत बसलो होतो. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "चाचा, अब्बूंना कसंतरीच होतंय. लवकर या." भाईजानचं घर चौक मंडईच्या बाजूला. चालत दहा मिनिटांचं अंतर. मी पायांत चपला सरकवल्या आणि धावत सुटलो.

जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं आहे. नऊ शिखरांचं गाव म्हणून नवशिख आणि त्याचं नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. खरीखोटी कोण जाणे, पण चढ मात्र खरे आहेत. पहिल्याच चढावर, शंभरेक पावलांत, माझी छाती भरून आली. पाय थरथरायला लागले. एका बंद दुकानाच्या पायरीवर मी मटकन बसलो. वयाची पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, आयुष्य खुर्चीत आणि चहाच्या टपरीवर गेलेलं. मी पोचलो तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांनी भाईजानला रिक्षात घातलं होतं. दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं.

डॉक्टर नंतर म्हणाले, "तुम्ही पाच मिनिटं आधी आला असता तरी काही वेगळं झालं नसतं." ते खरंच असणार. पण त्या पायरीवर मी बसलो होतो ती दोन-तीन मिनिटं अजून माझ्याकडेच आहेत.

मंडळी, आज मला बोलायचं आहे ते धावण्याच्या छंदाबद्दल. उतारवयात, आरोग्यासाठी म्हणून आपण जे धावतो त्याबद्दल. या छंदाला इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. पण त्याआधी आपल्या भाषेकडे जरा बघू या. मराठीत 'धावून जाणं' म्हणजे मदतीला जाणं. संकटात 'धाव रे' म्हणून देवाला हाक मारायची, आणि त्या हाकेलाच म्हणायचं 'धावा'. म्हणजे आपल्याकडे धावणं हे बहुतेक वेळा कुणासाठी तरी असतं. स्वतःसाठी जे धावतो त्याला आपण 'धावपळ' म्हणतो, आणि ते म्हणताना कपाळाला आठी पडते.

आमच्या घरी लहानपणी अम्मी बीबी हाजराची हकीकत सांगायची. वाळवंटात तान्हं लेकरू तहानेनं व्याकूळ झालेलं. आई पाणी शोधायला सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. आजही हजला आणि उमऱ्याला जाणारा प्रत्येकजण त्या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा घालतो, आणि मधल्या ठरलेल्या टप्प्यात पुरुष पावलं झपझप उचलतात, दुडकी धाव घेतात. सगळं मिळून तीन किलोमीटरच्या वर अंतर होतं. एका आईची धाव लाखो माणसं पायांनी आठवतात. आपल्या वारीतही असंच आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरजवळ आली की उतारावर 'धावा' होतो. तुकोबांना तिथून पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून म्हातारे वारकरीसुद्धा तिथं धावतात. यात कोण पहिला आला, हे कुणी विचारत नाही.

आता थोडं इतिहासाकडे. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हिंदुस्थानात आला. महंमद तुघलकाच्या टपालाचं त्यानं मोठं बारकाईनं वर्णन केलं आहे. घोड्यांचं टपाल होतं तसंच पायी टपालही होतं. दर मैलाचे तीन भाग केलेले. प्रत्येक टप्प्यावर कमर कसून तयार बसलेली माणसं. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, तिच्या टोकाला तांब्याच्या घंटा. घंटांचा आवाज आला की पुढच्या टप्प्यावरचा माणूस उठून उभा राहायचा, पत्र घ्यायचा आणि निघायचा. हे पायी टपाल घोड्यांच्या टपालापेक्षाही वेगवान होतं, असं बतूता सांगतो. सिंधहून दिल्लीला जायला माणसाला पन्नास दिवस लागत, तिथं खबर पाच दिवसांत पोचायची. सुलतान आपल्या दौलताबादेत असला की त्याला प्यायला गंगेचं पाणी याच धावणाऱ्यांकडून यायचं. वाट चाळीस दिवसांची! या टप्प्याला तो जो शब्द देतो, तो आपल्या 'धावा'चाच भाऊबंद वाटतो.

पुढं इंग्रजांच्या अमदानीतही टपाल असंच धावत राहिलं. घाटा-जंगलांतून जाणाऱ्या हलकाऱ्याच्या काठीला घुंगरं असायची. जनावरांनी बाजूला व्हावं आणि गावाला कळावं, यासाठी. सहाशे वर्षं ही माणसं धावली. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांना कुणी 'तुमचा छंद काय' असं विचारलं असतं तर ते हसले असते.

नाव असलेला धावपटू यायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९१९च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं धावण्याच्या शर्यती घेतल्या. जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. खडबडीत रस्त्यांवरून अनवाणी धावणारी शेतकरी पोरं त्यांनी पाहिली आणि त्यांच्या मनात आलं, की ही युरोपातल्या धावपटूंच्या फार मागं नाहीत. त्यांच्याच खटपटीनं १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा सहा जणांचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते. दोघेही मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोचले आणि एकोणिसावे आले. घरापासून हजारो मैलांवर, परक्या हवेत, पहिल्याच ऑलिंपिकमध्ये एकोणिसावा क्रमांक! शंभर वर्षं उलटून गेली, पण शाळेच्या पुस्तकात मला हे नाव कधी भेटलं नव्हतं.

पण चौगुले काय किंवा टपालाचे हलकारे काय, ही कसलेली माणसं. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या, धाप लागणाऱ्या माणसानं धावावं, ही कल्पना कुठून आली? तर ती आली न्यूझीलंडहून, १९६०च्या दशकात.

ऑकलंडला आर्थर लिडियार्ड नावाचा गृहस्थ होता. बुटांच्या कारखान्यात काम करायचा. तरुणपणी एकदा मित्राबरोबर पाच मैल धावायला गेला आणि त्याचा जीव नुसता घाईला आला. स्वतःला धडधाकट समजणाऱ्या त्या माणसाला ही गोष्ट लागली. मग त्यानं वर्षानुवर्षं स्वतःवर प्रयोग केले. त्यातून एक शिक्षणपद्धती तयार झाली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दुपारी त्याच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, सुवर्णपदकं मिळवली. पण माझ्या लेखी लिडियार्डचं मोठेपण वेगळं आहे. त्या काळी हृदयविकाराचा झटका आला की डॉक्टर आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगत. लिडियार्डनं अशा काही मध्यमवयीन माणसांना हळूहळू धावायला लावलं. त्याचा नियम सोपा होता. धावताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला आहे. शरीराला वळण लावा, ताण देऊ नका.

१९६२च्या अखेरीस अमेरिकेतला एक नामांकित प्रशिक्षक, बिल बॉवरमन, ऑकलंडला आला. वय ५१. शिष्य जगज्जेते, पण स्वतःचं धावणं सुटलेलं. लिडियार्डनं त्याला रविवारी सकाळी आपल्या मंडळींबरोबर धावायला नेलं. थोड्याच वेळात सगळे पुढं गेले आणि बॉवरमन मागं राहिला. तेव्हा एक म्हातारा वळून परत आला. सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके पचवलेला. तो बॉवरमनच्या शेजारून, त्याच्या चालीनं धावत राहिला आणि गप्पा मारत राहिला. बॉवरमनची बोलती बंद होती, नुसती धाप चालली होती. पण तो शेवटपर्यंत पोचला. मायदेशी परतल्यावर १९६३ साली त्यानं आपल्या गावातल्या साध्या माणसांसाठी धावण्याचे वर्ग सुरू केले. गर्दी उसळली. १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यानं 'जॉगिंग' नावाचं पुस्तक लिहिलं, त्याच्या लाखो प्रती खपल्या. जगभरच्या बागांमधून आज जी माणसं सकाळी धावताना दिसतात, त्यांचा उगम असा आहे. एक म्हातारा मागं वळला, त्यात.

मला ही हकीकत फार उशिरा समजली. समजली तेव्हा मी चकित झालो, कारण माझ्याही बाबतीत अगदी हेच घडलं होतं.

भाईजानच्या चाळिसाव्यानंतर, २०१९च्या जानेवारी अखेरीस, मी गोल्फ क्लब मैदानावर गेलो. नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. साहेबांच्या काळात इथं गोल्फ चालायचा, तेच नाव तोंडी राहिलं. रणजीचे सामनेही इथं झाले आहेत. कडेनं जॉगिंग ट्रॅक आहे, आणि अगदी शेजारी शहाजहांनी ईदगाह. लहानपणापासून वर्षातून दोनदा मी इथं येत होतो, अब्बांचं बोट धरून, नवे कपडे घालून. नमाज झाली की शिरखुर्म्याच्या ओढीनं घराकडे. कुंपणापलीकडे रोज सकाळी माणसं धावतात, हे पन्नास वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी फजरची नमाज पढून गेलो. अंगात पायजमा आणि जुना स्वेटर, पायांत मुलाचे कॅनव्हासचे बूट. एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावलो आणि वाकून उभा राहिलो. शाळकरी मुली बाजूनं भुर्रकन गेल्या. आपल्याला सगळे हसताहेत, असं वाटत होतं. (खरं म्हणजे कुणी बघतही नव्हतं. नवशिक्याचा पहिला शत्रू हा गैरसमजच असतो.) तिसऱ्या दिवशी घरी परतायचं ठरवलं, तेव्हा मागून आवाज आला, "काय कविराज, गाडी गरम झाली का?"

एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर. पासष्टीचे. कुठल्याशा कविसंमेलनात त्यांनी मला ऐकलं होतं. मी त्यांना मास्तर म्हणतो. ते शेजारी येऊन चालायला लागले. म्हणाले, "डबल बेल दिली की धावायचं, सिंगल बेल दिली की चालायचं. बेल मी देणार." मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं वीस मिनिटं झालं. धावताना मास्तर सतत काहीतरी विचारत. घर कुठं, मुलं किती, गझल म्हणजे नेमकं काय. मी उत्तर देताना अडखळलो की लगेच सिंगल बेल. लिडियार्डचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पण त्याचा नियम त्यांना पाठ होता. घाटात गाडी कशी चढवायची, हे पाहून पाहून कळलं असावं.

सहा आठवड्यांनी मी सलग दहा मिनिटं धावलो. त्या सकाळी मला वाटलं, आता आपण कुणीतरी झालो. दुसऱ्या दिवशी मास्तरांना न सांगता अर्धा तास धावलो, तेही जोरात. परिणाम असा, की नडगी इतकी दुखायला लागली की जिना उतरता येईना. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. दम टिकायला लागला म्हणून माणूस जोर करतो आणि पाय साथ सोडतात. बरेच नवशिके दीड-दोन महिन्यांतच धावणं का सोडतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. तीन आठवडे घरी बसलो. मग पुन्हा एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल.

मे महिन्यात रमजान आला. रोज्यात सकाळचं धावणं शक्य नव्हतं. महिनाभर खंड पडला. ईदची नमाज ईदगाहवर झाली आणि मी कुंपणापलीकडे बघितलं. मास्तर ट्रॅकवर उभे होते. नमाज संपायची वाट बघत. ईद मुबारक म्हणाले, शिरखुर्म्याचं आमंत्रण घेतलं आणि जाता जाता म्हणाले, "उद्या डबल बेल." पुढच्या वर्षी, २०२०ला, टाळेबंदी. ईदची नमाजही घरीच. तेव्हा मी गच्चीवर फेऱ्या मारत होतो आणि कानाला फोन लावून मास्तर त्यांच्या अंगणात. चिकाटी म्हणजे रोज न चुकता करणं, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, सुटलेलं पुन्हा धरणं, त्याचंच नाव चिकाटी. आणि ते धरायला लावणारं माणूस लागतं.

एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. जिम फिक्स नावाच्या अमेरिकन लेखकानं १९७७ साली धावण्यावर एक प्रचंड गाजलेलं पुस्तक लिहिलं. १९८४ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, तो धावतानाच गेला. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या होत्या. त्याचे वडीलही त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले होते. धावण्यानं माणूस अमर होत नाही. ज्यांच्या घरात असा इतिहास आहे, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. माझ्या घरात तो आहे, म्हणून मी दरवर्षी करतो.

बायकांना तर हे धावणं फारच उशिरा मिळालं. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ साली, फिक्स गेला त्याच उन्हाळ्यात. आणि तेव्हा आपल्या जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत जन्मायचीच होती. हरसूलकडच्या आदिवासी पाड्यातली ही मुलगी सुरुवातीला अनवाणी धावायची. नाशिकला भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली ती तयार झाली. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९५८ साली मिल्खा सिंग यांनी मिळवलेल्या पदकानंतर भारताचं ट्रॅकवरचं हे पहिलंच वैयक्तिक पदक होतं. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणि कांस्य. २०१६ साली रिओला ती मॅरेथॉन धावली. जिथं बायाबापड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी मैलोगणती तंगडतोड करावी लागते, त्या मुलखातून ती आली, हे मला बीबी हाजराच्या हकीकतीमुळे विशेष जाणवतं.

आणि बारामतीच्या लता करे. २०१३ साली, साठीच्या घरात, नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, त्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मला तो मराठी भाषेतला एक जुना वाक्प्रचार वाटतो. बाई नवऱ्यासाठी धावून गेली, इतकंच. फक्त गावानं शर्यत ठेवली होती, म्हणून आपल्याला ते दिसलं. गरीबाला औषधपाण्यासाठी शर्यत जिंकावी लागू नये, हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ला सुरू झाली, नाशिक रन २००३ला, मुंबई मॅरेथॉन २००४ला. आता गावोगावी हौशी शर्यती होतात. टी-शर्ट मिळतो, पदक मिळतं, फोटो निघतो. त्याला माझी ना नाही. एका वर्षी मीही धावलो, मास्तरांबरोबर, आणि आम्ही जवळजवळ शेवटी आलो. पण जानेवारीत दिसणारे चेहरे मार्चमध्ये दिसत नाहीत. तारखेसाठी धावणारा तारीख उलटली की थांबतो. टिकतात ते, ज्यांची ट्रॅकवर कुणीतरी वाट बघत असतं.

मास्तरांचे गुडघे आता दुखतात. ते बाकावर बसतात आणि तिथूनच बेल देतात. गेल्या हिवाळ्यात एक तरुण यायला लागला. तिशीतला, जाडसर, कंपनीतली रात्रपाळी करून थेट येणारा. चौथ्या दिवशी तो खांबाला धरून उभा होता. मी दोन फेऱ्या पुढं होतो. बाकावरून मास्तरांनी नुसती मान हलवली. मी वळलो आणि त्याच्याकडे गेलो.

"भाऊ, घर कुठं तुमचं?" मी विचारलं. त्याला बोलता येईना. म्हटलं, चला, आधी थोडं चालू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)